हवेवर धावणारे चाक

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीड नावाचे गाव आहे. जिजाबाईंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा आणि उल्केच्या आघाताने निर्माण झालेले लोणारचे सरोवर ही दोन्ही प्रसिद्ध स्थळे तेथून फार दूर नाहीत. या मुलखातील जमीन काळी आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि ती दगडासारखी टणक होते. परंतु मृगाच्या दोन सरी कोसळल्या की तीच जमीन लोण्यासारखी मऊ होते. अशा वेळी शेताच्या वाटेने भरलेली बंडी घेऊन जाणे म्हणजे बैलांची परीक्षाच. जुन्या बंडीचे चाक लाकडाचे, आणि त्यावर लोखंडी धाव चढविलेली. ही धाव जेमतेम दोन-तीन बोटे रुंद असते. बंडीतील सारे ओझे त्या दोन-तीन बोटांवर येते, आणि सुरी खरवसात शिरावी तसे चाक चिखलात शिरते. मग गाडीवान खाली उतरून चाकाच्या आऱ्यांना खांदा देतो, बैल गुडघे टेकतात, आणि जुवाखाली त्यांचे खांदे सोलवटून निघतात.

पुढे लोखंडी धावेच्या चाकाऐवजी हवा भरलेल्या रबरी चाकांच्या गाड्या आल्या. या गाड्यांना महाराष्ट्रात पुष्कळ गावी लोक ‘डनलॉप’ या नावानेच ओळखू लागले. हा शब्द मराठी बोलीत इतका मुरला, की ते कोणा माणसाचे आडनाव असेल अशी शंकाही कोणास येईना. परंतु डनलॉप हा एक माणूस होता. तो कारखानदार नव्हता, यंत्रज्ञही नव्हता. तो गुराघोड्यांचा वैद्य होता.

जॉन बॉइड डनलॉप याचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तो अपुऱ्या दिवसांचा जन्मला होता. ही गोष्ट त्याच्या मनावर लहानपणीच इतकी ठसली, की आपली प्रकृती नाजूक आहे असे तो जन्मभर समजत आला आणि जपून वागत आला. गंमत अशी, की या नाजूक माणसाला एक्याऐंशी वर्षांच्या दीर्घ आयुष्यात गंभीर असा आजार जवळजवळ झालाच नाही.

शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे जनावरांची त्याला आवड होती. एडिंबरो येथे त्याने पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी तो परीक्षा उत्तीर्ण झाला. काही वर्षे स्कॉटलंडात काम केल्यावर १८६७ साली तो समुद्र ओलांडून आयर्लंडला गेला. तेथे त्याने प्रथम डाउनपॅट्रिक या गावी व नंतर बेलफास्ट शहरात आपला व्यवसाय थाटला. त्या काळी मोटारी नव्हत्या. शहरातील सारी वाहतूक घोड्यांच्या बळावर चाले. साहजिकच घोड्यांच्या वैद्याला उसंत म्हणून मिळत नसे. १८८५ च्या सुमारास डनलॉपचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुचिकित्सालयांपैकी एक गणला जाऊ लागला होता. दाढी राखलेला, मितभाषी, हिशेबी असा हा गृहस्थ. त्याने उरलेले आयुष्य याच कामात काढले असते, तरी लोकांनी त्याला यशस्वीच म्हटले असते.

पण घरात एक लहान मुलगा होता. त्याचे नाव जॉनी. हा नऊ-दहा वर्षांचा जॉनी आपल्या तीनचाकी सायकलीवरून शाळेत जात असे. बेलफास्टच्या रस्त्यांवर घडविलेले चौकोनी दगड बसविलेले होते आणि मधून ट्रामचे रूळ गेले होते. सायकलीच्या चाकांवर भरीव रबराच्या बारीक पट्ट्या असत. दगडामागून दगडावर आदळत चाललेल्या त्या सायकलीवर बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. सायकल चालविणे मुलाच्या प्रकृतीस हितकारक आहे, असे एका डॉक्टर मित्राचे मत होते. परंतु एवढे हादरे बसत असता त्यापासून हित कसे व्हावे? सायकल अधिक वेगाने आणि कमी हादऱ्यांनी चालावी अशी जॉनीचीही इच्छा होती. मुलाने केलेल्या तक्रारी बापाने ऐकून सोडून द्याव्यात ही तर जगाची रीत. डनलॉपने मात्र ती तक्रार मनावर घेतली.

त्याने विचार केला, की चाक आणि रस्ता यांच्यामध्ये असे काही असावे जे दबेल आणि लगेच पूर्ववत होईल. रस्त्यातील खडा वर आला तर चाकाने सबंध उचलले जाऊ नये. खडा जेथे लागेल तेवढाच भाग आत दबावा. भरीव रबर थोडे दबते, पण फार थोडे. पाणी दबत नाही. हवा मात्र कोंडून ठेवली असता दबते आणि दाब निघताच फुलते. शिवाय तिला वजन असे जवळजवळ नाहीच.

१८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात डनलॉपने आपल्या आवारात प्रयोग केला. त्याने लाकडाची एक वाटोळी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून स्वतःच्या हाताने एक नळी तयार करून ती तबकडीभोवती बसविली. नळी जागच्या जागी राहावी म्हणून तिच्यावरून तागाच्या तलम कापडाची पट्टी गुंडाळून ती बारीक चुकांनी लाकडास ठोकली. बेलफास्ट हे तागाच्या कापडाचे मोठे माहेरघर, त्यामुळे कापड शोधण्यास दूर जावे लागले नाही. नळीत हवा भरण्यासाठी मुलाच्या फुटबॉलचा पंप उपयोगी पडला. मग त्याने जॉनीच्या सायकलीचे एक चाक काढून आणले, आणि दोन्ही चाके आवारातून एकामागून एक गडगडत सोडली. सायकलीचे चाक काही अंतर जाऊन डगमगले आणि आडवे पडले. हवेचे चाक मात्र आवाराच्या टोकापर्यंत धावत गेले, फाटकाच्या खांबावर आपटले आणि चेंडूसारखे उसळून मागे आले.

हा प्रयोग दिसावयास किती साधा! परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली होती. मऊ चाक म्हणजे जड चालणारे चाक, असा तोपर्यंत सर्वांचा समज होता. मऊ गादीवरून चालताना आपले पाय जड होतात, त्याच न्यायाने मऊ चाकही रेंगाळेल असे लोकांस वाटे. प्रत्यक्षात उलटेच घडले. कडक चाक प्रत्येक लहान खड्यावर चढते, उतरते, आणि त्या चढउतारात आपली गती गमावून बसते. हवेचे चाक खडा पोटात घेऊन पुढे जाते; त्याची गती वाया जात नाही.

त्यानंतर डनलॉपने सायकलीच्या मागील दोन्ही चाकांना अशा नळ्या बसविल्या. १८८८ च्या आरंभी एका रात्री जॉनी ती सायकल घेऊन बाहेर पडला. परत आल्यावर बापाने चाके निरखून पाहिली. रबर कोठेही फाटले नव्हते. २३ जुलै १८८८ रोजी डनलॉपने पेटंटसाठी, म्हणजे आपल्या शोधावरील हक्कासाठी, अर्ज केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो हक्क त्याला मिळाला.

आता लोकांची खात्री पटविणे शिल्लक होते. ही फुगलेली, जाडजूड चाके पाहून लोक हसत. कसरतीत हातापायांना पट्ट्या गुंडाळलेल्या माणसासारखी ती दिसत. बेलफास्टमधील सायकलपटूंच्या एका मंडळाचा प्रमुख विली ह्यूम याने मात्र धाडस करून तशी सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानात शर्यती होत्या. ह्यूम हा काही तेथील पहिल्या प्रतीचा शर्यतपटू नव्हता. त्याची सायकल मैदानात येताच प्रेक्षकांत हशा पिकला. परंतु त्याने भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या, आणि हशा मावळला. पुढे लिव्हरपूल येथेही त्याने असेच यश मिळविले. ह्यूमकडून हरलेल्यांमध्ये हार्व्हे ड्यू क्रॉस नावाच्या डब्लिनच्या एका व्यापाऱ्याचे मुलगे होते. मुलांच्या पराभवाने खट्टू होऊन बसण्याऐवजी या चतुर व्यापाऱ्याने त्या चाकाची चौकशी केली, आणि १८८९ सालच्या अखेरीस डनलॉपला सोबत घेऊन हवेचे टायर तयार करणारी कंपनी काढली. डनलॉपने आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले.

येथवर सारे सुरळीत चालले होते. पण १८९० साली एक अनपेक्षित बातमी आली. हवेचे चाक हा नवा शोध नाही, असे सरकारी कचेरीने कळविले. दुसऱ्या एका माणसाने तो पूर्वीच लावून त्याचे पेटंट घेतले होते. तेही थोडेथोडके नव्हे, तेहेतीस वर्षे आधीचेही नव्हे, तर डनलॉपच्या प्रयोगापूर्वी तब्बल बेचाळीस वर्षे!

हा दुसरा माणूस म्हणजे रॉबर्ट विल्यम थॉमसन. तोही स्कॉटलंडचाच. १८४५ साली, केवळ तेवीस वर्षांचा असताना, त्याने घोडागाडीसाठी हवेच्या चाकांची योजना तयार केली होती. रबर लावलेल्या कापडाच्या नळीत हवा भरून तिच्यावर त्याने चामड्याचे आवरण शिवले होते. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये लोकांनी ही गाडी पाहिली. चाकांचा खडखडाट ऐकू येत नाही याचे त्यांना फार नवल वाटले. थॉमसनच्या चाकांचा एक संच बाराशे मैल, म्हणजे सुमारे एकोणीसशे किलोमीटर, चालूनही टिकला होता. तरीसुद्धा त्याचा शोध मागे पडला. पातळ रबर त्या काळी महाग होते आणि चांगल्या प्रतीचे मिळतही नसे. सायकल अजून घरोघर पोचली नव्हती, मोटार जन्मास यावयाची होती. ज्याला ही चाके घ्यावयाची त्याने ती कशासाठी घ्यावी, असा प्रश्न होता. थॉमसनने दुसऱ्या उद्योगांत लक्ष घातले आणि १८७३ साली तो निवर्तला. डनलॉपला त्याची काहीच माहिती नव्हती. पेटंट देताना जुन्या नोंदी तपासून पाहण्याची पद्धतही इंग्लंडात त्या वेळी नव्हती.

मग हवेच्या चाकाचा शोधक कोणास म्हणावे? जो प्रथम विचार करतो त्याला, की ज्याच्या हातून ती वस्तू जगाच्या उपयोगी पडते त्याला? मला वाटते, पहिला मान थॉमसनलाच दिला पाहिजे, आणि तो देताना डनलॉपचे काही कमी होत नाही. दोघांनी एकमेकांना न पाहता, न विचारता एकच वाट शोधून काढली. वाट दोघांनाही सापडली, पण डनलॉपच्या वेळी तीवरून जाणारे लोक तयार होते.

पेटंट निरुपयोगी ठरल्यावर कंपनी बुडाली असती. परंतु तिला इतरांच्या युक्त्यांनी तारले. डनलॉपच्या पहिल्या टायरात एक मोठा दोष होता. तो चाकाला चिकटविलेला असे. काटा रुतून हवा गेली की सारे सोडवावे लागे, भोक बुजवावे लागे आणि पुन्हा चिकटवून वाळू द्यावे लागे. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात १८८९ साली अशी एक सायकल दुरुस्तीस आली असता तीन तास खपूनही काम पुरे झाले नाही, डिंक वाळण्यासाठी चाक रात्रभर ठेवावे लागले, आणि सकाळी थोडे अंतर जाताच पुन्हा हवा गेली! त्या बंधूंनी १८९१ साली सहज काढता-घालता येणारा टायर बनविला. तिकडे इंग्लंडात चार्ल्स वेल्च याने टायरच्या कडांत तार घालण्याची युक्ती १८९० मध्येच काढली होती. आजही सायकलीच्या टायरच्या कडा चाचपून पाहिल्यास आतली तार हाताला लागते. ती वेल्चची तार होय. डनलॉपच्या कंपनीने असे हक्क विकत घेतले आणि ती तगली. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिसपासून बोर्दोपर्यंत जाऊन परत येण्याच्या शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार धावविली, आणि सायकलीचे चाक मोटारीलाही लागले.

कंपनीची भरभराट झाली. १८९६ साली ती तीस लाख पौंडांना विकली गेली, आणि घेणाऱ्याने लगेच ती पन्नास लाख पौंडांना पुन्हा विकली. या प्रचंड रकमांपैकी डनलॉपच्या वाट्यास फारसे आले नाही. तो त्यापूर्वीच कारभारातून बाहेर पडला होता. त्याने गुरांचा दवाखाना सोडला होता, बेलफास्ट सोडून तो डब्लिनला राहावयास आला होता. पैशाच्या घडामोडीत त्याचे मन रमले नाही एवढे खरे.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. सायकली आणि मोटारी वाढल्या तसा जगात रबराचा दुष्काळ पडला. आफ्रिकेतील कांगो प्रदेशावर १८८५ पासून १९०८ पर्यंत बेल्जमचा राजा लिओपोल्ड याची खाजगी सत्ता होती. तेथील रहिवाशांना जंगलातील रबराचा चीक गोळा करण्याची सक्ती होई, आणि ठरलेले वजन न भरल्यास त्यांच्यावर अनन्वित जुलूम होत. युरोपातील नितळ रस्त्यांवरून फिरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते? पुढे लंका, मलाया आणि आपल्याकडील केरळ येथे रबराचे मळे वाढले, तेव्हा जंगलातील रबराची मागणी उतरली.

डनलॉपचे चाक दगडी रस्त्यासाठी जन्मले होते. ते शेताच्या वाटेवर कसे पोचले, ही त्याच्या चरित्राच्या पुढची कथा आहे. पण दुसरबीडकरांना तीच अधिक जवळची वाटेल.

प्रथम हवेचे गणित पाहू. एखाद्या जीपगाडीच्या एका चाकावर ४०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम आहे असे समजा. तर तो टायर सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकेल. दाब १ किलोग्रॅमवर आणला तर तो सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर टेकेल. पाऊल जितके रुंद तितका चिखलात रुतण्याचा धोका कमी. उंट वाळूत रुतत नाही याचे कारणही त्याचे रुंद पाऊल हेच होय. म्हणून वाळूतून किंवा चिखलातून जाताना जाणते चालक थोडी हवा कमी करतात, आणि पक्क्या सडकेवर येताच पुन्हा भरतात. भरावयास विसरले तर कमी हवेचा टायर सारखा वाकत राहतो, तापतो आणि अखेर फुटतो.

पण रुंद पाऊल एवढ्याने भागत नाही. गुळगुळीत टायर ओल्या काळ्या मातीवर जागच्या जागी फिरत राहतो. त्यासाठी टायरवर खाचा व उंचवटे पाडतात. ट्रॅक्टरच्या मागील चाकावरील मोठमोठे तिरके उंचवटे तुम्ही पाहिलेच असतील. ते बाणाच्या टोकासारखे जुळलेले असतात. बाणाचे टोक जमिनीला आधी लागते, आणि चाक फिरू लागले की चिखल दोन्ही बाजूंस ढकलला जातो. तेच चाक उलटे बसविले तर चिखल मध्येच कोंडतो व चाक घसरते. ट्रॅक्टरला हवेची रबरी चाके बसविण्यास अमेरिकेत १९३२ च्या सुमारास आरंभ झाला. त्यापूर्वी त्याला लोखंडी चाके असत.

काळ्या मातीचा आणखी एक गुण आहे. ती चिकटते. खाचा अरुंद असतील तर त्या मातीने भरून जातात आणि नक्षीचा टायर पुन्हा गुळगुळीत होतो. म्हणून चिखलासाठी खाचा रुंद व खोल हव्यात, म्हणजे चाकाच्या फिरण्याने माती झटकली जाईल. मात्र हाच टायर डांबरी रस्त्यावर घोंघावतो, लवकर झिजतो आणि ओल्या सडकेवर ब्रेक लावला असता हवा तसा धरत नाही. याच्या उलट सडकेसाठी केलेला टायर चिखलात असहाय होतो. खडकाळ वाटेवर तिसरेच संकट असते. तेथे तळाला नव्हे, तर बाजूच्या पातळ भिंतीला धारदार दगड लागून टायर चिरतो. तेव्हा भिंत जाड हवी.

या साऱ्यांची तडजोड म्हणून सर्व प्रकारच्या भूमीसाठी मध्यम नक्षीचे टायर निघाले. अशा टायरला प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे जमते, आणि कोठेच सगळे जमत नाही. दुसरबीडच्या एखाद्या जीपवाल्याला टायर निवडताना हाच हिशेब करावा लागतो. या तालुक्यातूनच मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. त्याच्या सलग, टणक पृष्ठावर गाड्या अतिशय वेगाने धावतात. आणि त्या महामार्गापासून थोड्या अंतरावर पांदणीत गुडघाभर चिखल असतो. आपली गाडी वर्षातून किती दिवस पांदणीत जाते आणि किती दिवस सडकेवर, हे ज्याचे त्यानेच मोजले पाहिजे. दहांतून आठ फेऱ्या सडकेच्या असतील तर मोठ्या खाचांचा दिमाख निव्वळ खर्चाचा होतो.

टायरच्या अंगावरील आकडेही वाचण्यासारखे असतात. एखाद्या जीपच्या टायरवर २३५/७५ आर १५ असे लिहिलेले आढळते. २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५, अर्थात सुमारे १७६ मिलिमीटर. आर हे अक्षर आतील धाग्यांची मांडणी सांगते. हे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले असतात. १५ हा लोखंडी चाकाचा इंचांमधील व्यास. भिंत उंच असली की हवेची गादी जाड होते आणि खड्ड्यांचे आघात ती सोसते. जॉनीच्या सायकलीसाठी त्याच्या बापाने जे केले, तेच येथे अधिक मोठ्या मापाने केलेले असते. टायरचा काळा रंग मात्र डनलॉपच्या वेळी नव्हता. रबरात काजळी मिसळली असता ते कितीतरी पट टिकाऊ होते, हे मागाहून कळले, आणि तेव्हापासून जगातील टायर काळे झाले.

डनलॉप डब्लिनमध्ये शांतपणे राहत होता. कंपनी त्याचे नाव व त्याचा दाढीवाला चेहरा आपली खूण म्हणून वापरीत असे. एकदा जाहिरातींत तो चेहरा एका नखरेल माणसाच्या धडावर बसविलेला त्याने पाहिला. उंच पांढरी टोपी, पांढरे जाकीट, हातात छडी आणि डोळ्याला एकच भिंग असा थाट! साध्या राहणीच्या त्या वृद्धाला हे सहन झाले नाही. ज्या कंपनीला त्याचे नाव होते तिच्यावरच त्याने फिर्याद लावली, आणि ते प्रकरण लंडनच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेले. पैशासाठी जो भांडला नाही तो आपल्या चेहऱ्यासाठी भांडला.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी किरकोळ सर्दीचे निमित्त होऊन डनलॉप डब्लिन येथे मरण पावला. हवेच्या टायराचा इतिहास त्याने लिहून ठेवला होता. तो त्याच्या मुलीने १९२४ साली प्रसिद्ध केला.

भारतात डनलॉप कंपनीचा कारखाना बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे १९३६ साली सुरू झाला. पुढे तो बंद पडला. पण त्यापूर्वी त्याचे टायर खेडोपाडी गेले होते आणि मोटारींप्रमाणे बैलगाड्यांनाही लागले होते. साखर कारखान्यांच्या भागात ऊस वाहणाऱ्या गाड्या तर टायरच्याच असत. दुसरबीडलाही जिजामाता सहकारी साखर कारखाना होता. तोही आता बंद आहे. टायरची बंडी ओढताना तेच बैल अधिक ओझे नेतात, आणि तरी त्यांच्या खांद्यांना पूर्वीइतका हिसका बसत नाही. बेलफास्टच्या त्या वैद्याने आपल्या हातांनी कितीतरी जनावरांच्या जखमा धुतल्या असतील. दुसरबीडच्या बैलांची आणि त्याची कधी गाठ पडली नाही.